साहेबांनी न पाहिलेला गाळ

देवळीकडच्या आमच्या गावात आमचं मातीचं घर तलावाच्या पाळीखाली होतं. टेकडीवरून येणारं पावसाचं पाणी तलावात अडायचं, म्हणून आम्ही कोरडे राहायचो. पण तलाव गाळानं उथळ झाला, आणि मागल्या पावसाळ्यात पाणी पाळीवरून थेट आमच्या अंगणात आलं. घराची मागची भिंत तेव्हाच फुगली. आणखी एक पूर तिला सोसणार नव्हता.

त्या उन्हाळ्यात श्रमदानाचं वारं होतं. सगळ्या गावानं गाळ काढला, मीही टोपल्या वाहिल्या. एरवी काढलेला गाळ लगेच बैलगाडीनं वावरात जायचा. पण पाटील म्हणाले, "तालुक्याचे साहेब पाहाले येऊन राह्यले. तवर ढिगाले हात लावू नोका." आणि ढीग घातला कुठे, तर तलावाच्या आतल्या काठावर! छान चौकोनी, वर झेंडा रोवलेला.

साहेबांचं येणं पुढे गेलं, मग आणखी पुढे. सासरे पाटलांकडे गेले, "गाडी जुंपू द्या जी."

"मंग एवढी मेहनत केली कोनासाठी? साहेबाले दिसाले नोको का?"

कोणासाठी म्हणजे? आमच्या भिंतीसाठी! पण सुनेनं पाटलापुढे तोंड उघडायची सोय नव्हती. त्या दिवशी मी चुलीपुढे लाकडं तेवढी आपटली.

मृग कोरडा गेला, म्हणून सगळे निर्धास्त. आर्द्रात एका दुपारी पाऊस असा कोसळला की डोळ्यांदेखत ढीग खचला आणि काळा चिखल होऊन तलावात परत गेला. सासरे फावडं घेऊन धावले. एकट्याच्या फावड्यानं काय होणार हो? मी पाळीवरून नुसती ओरडत होते, "मामाजी, वर या जी!" शेवटी ते वर आले. संध्याकाळी पाणी पाळीवरून आमच्या अंगणात आलं आणि भिंत बसली.

आम्ही शाळेच्या पडवीत राहायला गेलो. साहेब आले ते त्यानंतर. पाटलीणबाई मला बोलवायला आल्या.

"ओवाळाले बाया कमी पडून राह्यल्या वं. आपलं ताट घेऊन येजो."

"ताट भिंतीखाली हाये, बाई."

"मंग माझं घे."

मी घेतलं. साहेब पाळीवर उभे होते. तुडुंब तलाव पाहून म्हणाले, "वा! केवढं पाणी साठवलंत!"

आणि मी त्यांना ओवाळलं.