वरचा पाचुंदा

कडब्याच्या धंद्यात सगळा हिशेब पाचावर चालतो. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, वीस पाचुंद्यांचा शेकडा, आणि शेकड्यामागं एक पाचुंदा वर. तो वरचा घेणाऱ्याचा हक्क. नव्वदच्या दशकात मी कऱ्हाटीकडच्या जिरायत पट्ट्यातून कडबा उचलायचो, बावड्याच्या गाईवाल्यांना विकायचो, आणि इंदापुरात स्टँडमागं एका खोलीत राहायचो. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण पाच हा आकडा मला कुणी शिकवायला नको. त्याला कशानंही गुणा, शेवटी पाच येतो नाहीतर शून्य. त्यामुळं पाचुंदे मोजून कुणी तीनशे बारा पेंढ्या सांगितल्या, की मी गंजीकडं न बघताच भांडण काढायचो. आणि पाचाला पाचानंच कितीही वेळा गुणत राहा, शेवटचा आकडा पाचच राहतो. हट्टी आकडा आहे. मला आवडतो.

दोघांत तो सारखा वाटता येत नाही, हेही खरं. गावात पंच पाच असतात ते त्यासाठीच. बरोबरी होऊच शकत नाही. कऱ्हाटी आमचंच गाव, तिथं आमच्या जमिनीच्या वाटणीलाही पाच जण बसले होते. विहिरीकडचं रान थोरल्याला द्यावं असं तिघं म्हणाले, दोघं माझ्या बाजूनं राहिले. एका माणसाच्या फरकानं मी खडकाळ तुकड्याचा धनी झालो. पंचांसमोरच मी आण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, नको नको ते बोललो आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं बारामती गाठली, तिथून इंदापूर. बोललो त्यातला एक शब्दही मी आजवर मागं घेतलेला नाही.

पुढं धंदा वाढला. कऱ्हाटीचा बहुतेक कडबा माझ्याच टेम्पोत भरला जायचा. आण्णाची गंज मात्र दर साली बारामतीचा दुसरा व्यापारी न्यायचा. रस्त्यावरून ती दिसायची. त्या गावातली तेवढी एकच गंज, जिचा भाव मी कधी विचारला नव्हता.

एका साली उन्हाळ्याच्या तोंडाला स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवाल्यानं मला हाक मारली. "तुमच्या थोरल्या भावाचा फोन हुता. गंज भरून न्या म्हनत्यात."

मी धुतलेला सदरा घातला आणि निघालो. वाटभर मनात सौदा चालला होता. पहिला आकडा कोणता बोलायचा, तो तापला की कुठं थांबायचं, उठून जायचं सोंग कधी करायचं. वाटणीपासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, आणि सौदा करताना माणसाला बोलावंच लागतं. मला त्या गंजीतनं कमवायचं नव्हतं. आण्णानं माझ्याशी तासभर भांडावं, एवढंच हवं होतं.

भाव विचारला तर तो म्हणाला, मागच्या साली बारामतीवाल्यानं दिला तोच. मीही जास्त ताणलं नाही. खरी कुस्ती वरच्या पाचुंद्याला होणार, हे मला ठाऊक होतं.

भरायला आण्णा स्वतः उभा राहिला. लहानपणी वडील आम्हा दोघांना असंच जुंपायचे. आण्णा खालून पेंढ्या फेकायचा, मी वर रचायचो. चार पेंढ्या गपचूप. पाचवीला तो आकडा पुकारायचा आणि मी तोच वरून परत म्हणायचो. पहिल्या पाचुंद्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, धान्य मापताना म्हणतात तसं. धंद्यात माझे हमाल मुकाट फेकायचे आणि मी मुकाट मोजायचो. त्या दिवशी मी हमालाला खाली उतरवलं आणि स्वतः टेम्पोत चढलो.

पाचवी पेंढी आली आणि खालून आवाज आला, "लाभ."

"लाभ," मी म्हणालो.

दोन, तीन, चार. सवयीनं पुकारत होता की मला पुकारत होता, काही कळेना. तीन शेकडे तसेच भरले. दर विसाव्या पाचुंद्याला तो थांबायचा, मी फळीवर कोळशाची रेघ ओढायचो, आणि पुन्हा लाभ.

मग मी वरूनच म्हणालो, "आण्णा, शेकड्यामागं एक वर असतो."

मला वाटलं होतं, तो म्हणेल, बापाच्या रानातल्या कडब्यावर बी वर मागतोस व्हय रं. त्यावर माझं उत्तर तयार होतं, त्याच्या उत्तराला उत्तरही तयार होतं. विहिरीपर्यंत गोष्ट नेणार होतो मी.

"तीन झालं न्हवं? घे," तो म्हणाला. पंधरा पेंढ्या त्यानं न पुकारता फेकल्या आणि हात झटकले. "आनखी काय ऱ्हायलंय?"

"काय न्हाय," मी म्हणालो.

चहा बाहेर ओट्यावर आला. ड्रायव्हरला आणि मला, सारख्याच कपबशीतून. तो दुसरा व्यापारी त्या साली आला नव्हता, हे ड्रायव्हरनं मला परतीच्या वाटेवर सांगितलं.

आण्णा बाजारात वांग्याच्या वाट्यासाठी बाईशी हुज्जत घालतो. नालबंदाशी घालतो. माझ्याशी त्यानं पाच पेंढ्यांसाठीही घातली नाही. विहिरीचं मी एक वेळ सोडून देईन, हे सोडणार नाही.

बावड्याच्या गिऱ्हाइकानं उतरवून घेताना वरचे तीन पाचुंदे मागितले. त्याचा हक्कच होता. मी नाही म्हणालो. तो ओरडला, मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो, माणसं जमली. तो म्हणाला, "शेठ, तुमी पेंढीसाठी जीव द्याल." मी म्हणालो, "घेईन बी." त्यावर तो हसला, मग मीही हसलो. सगळ्या दिवसात तेवढंच बरं वाटलं.

शेवटी ते तीन पाचुंदे मी स्वतः उतरवले. पाचवी पेंढी खाली टाकून मोठ्यानं म्हणालो, "लाभ."

त्याला ती रीत माहीत नव्हती. तो नुसता बघत राहिला.