माझी चव, तुमची चौकशी

पुण्याहून निघताना मीनानं गाडीत बसल्या बसल्या बजावलं, "तोंड बांधून बस. नाहीतर लोणावळ्याला पोचायला संध्याकाळ होईल." मीना माझी शाळेपासूनची मैत्रीण, त्यामुळे तिचं मी निम्मंच ऐकते. ओढणी बांधली खरी, पण कान्हे फाटा मागे पडताच सोडून टाकली. कित्येक वर्षं टीव्हीवर स्वयंपाक करून दाखवते आहे. या चेहऱ्याच्या जिवावर घर उभं राहिलं, तो कशाला लपवू?

लपवायचं होतं ते वेगळंच. माझी चव गेली आहे. खारट, गोड, आंबट, काही कळत नाही, वासही येत नाही. मिरचीचा जाळ तेवढा होतो. प्रमाणं हाताला पाठ आहेत, त्यामुळे पदार्थ बिघडत नाहीत. पण चॅनेलला कळलं तर कार्यक्रम जाईल अशी धास्ती होती. हे मीनाला आणि माझ्या डॉक्टरांना ठाऊक होतं, बस. बाकी कोणाला आणि कधी सांगायचं ते मी ठरवणार होते.

लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानापाशी उतरलो. मालकांनी एका हातात चिक्कीचा तुकडा आणि दुसऱ्या हातात फोन धरला. "ताई, एक घास. दोन शब्द बोला फक्त." मी तुकडा दाताखाली फोडला. कुडुम् असा स्वच्छ आवाज आला. "पाक बरोबर उतरलाय," मी म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं. पाकाचं कानांना कळतं.

शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी माझा दंड चाचपला. "बारीक झालात हो. आजारी होता का? आणि मिस्टर नाही दिसत बरोबर?"

"तुमचे कुठे आहेत?" मी विचारलं.

"ते पार्किंग शोधतायत," त्या म्हणाल्या आणि जरा मागे सरकल्या.

तिथून दुधिवऱ्याच्या रस्त्यानं पवनेकडे उतरलो. खिंड ओलांडली की धरणाचं पाणी दिसायला लागतं. भातं कापून झाली होती, खाचरात पेंढ्या रचलेल्या. मीनानं गाडी थांबवली, "काय वास सुटलाय गं," म्हणाली आणि जीभ चावली. मी तिला चिमटा काढला. ऊन छान होतं, वारा गार होता, आणि तिकोण्याचा डोंगर समोर होता. एवढं पुरे होतं मला.

तिकोणा पेठेत हौसामावशींच्या घरी मुक्काम. दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. त्या दिवशी घरात नव्याचा भात होता. नवा इंद्रायणी तांदूळ पहिल्यांदा शिजतो, त्याचा निवद (नैवेद्य) आधी देवाला जातो, आणि तोवर चुलीवरच्या कशालाही तोंड लावायचं नसतं. निवद दाखवून आल्यावर मावशींनी आमची ताटं मांडली. "चव न बगताच वाढलंय बाई. गोड मानून घ्या."

ओसरीवर पुण्याचं एक जोडपं होतं. नवरा फोनवर खाण्याचे व्हिडिओ करणारा. "मॅडम, तुमचा पहिला घास घेतो," म्हणाला आणि विचारायच्या आत फोन माझ्या तोंडाशी आणला. गरम भात, वालाची आमटी. मी कालवला, खाल्ला. वाल अख्खे आणि तरी लोण्यासारखे शिजले होते. "आमटी सुंदर झालीय मावशी."

मग त्यानं स्वतः घास घेतला आणि थबकला. "अहो, यात मीठच नाही. मॅडम, तुम्हाला कळलं नाही?" फोन चालूच होता.

मावशींनी पळीनं हातावर आमटी घेऊन चाखली. "आगं बया, ऱ्हायलंच." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय ते समजलं असावं, कारण त्या लगेच त्याला म्हणाल्या, "पाहुनी हाय ती. लोकाच्या घरी जेवताना नाव ठेवंल व्हय? तुमीबी ठेवू नगा."

वाट मोकळी करून दिली होती मावशींनी. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण माझं डोकं फिरलं. माझ्या अंगाला काही झालं, ते मी कोणाच्या तरी भल्या शब्दाआड का लपवायचं? ते काय पाप आहे?

"मला चव कळत नाही," मी म्हणाले. "नीट घ्या. चेहऱ्यावर उजेड आहे ना?"

त्यानं फोन आणखी जवळ आणला. "कधीपासून? काय झालं नेमकं?"

"ते माझं मी बघेन."

"पण तुम्ही पब्लिक फिगर आहात मॅडम. लोकांना हक्क आहे कळायचा."

"माझ्या पाककृतीवर आहे. करंजी फुटली तर मला खुशाल शिव्या घाला. माझं तोंड माझं आहे. ते मी कार्यक्रमाबरोबर विकलेलं नाही."

त्याची बायको हळूच म्हणाली, "ठेव रे तो फोन." मावशींनी मिठाचं भांडं आणून मधोमध ठेवलं. "जेवा आता. भात निवतोय."

दुसऱ्या दिवशी निघताना मावशी गाडीपाशी आल्या. मी मनातून तयारीत होते. त्यांनी विचारलं, "भात मऊ झालता न्हवं?"

"लय मऊ," मी म्हणाले.

कामशेतला येईपर्यंत व्हिडिओ सगळीकडे पोचला होता. चॅनेलच्या साहेबांचा फोन आला. आवाजात साखर. एक खास मुलाखत करू, थोडं मोकळं रडलात तरी चालेल, डॉक्टरांचे कागद पडद्यावर दाखवू, लोक जीव टाकतील तुमच्यावर. मी गाडी बाजूला घ्यायला लावली, कारण हे मला उभं राहून बोलायचं होतं.

"चव गेलीय, हे खरं. स्वयंपाक गेलेला नाही. ठरल्या दिवशी येते, शिजवून दाखवते. कागद मिळणार नाहीत, रडणंही मिळणार नाही. ठेवायचं तर ठेवा, काढायचं तर काढा."

त्यांनी कळवतो म्हटलं. अजून कळवलेलं नाही. त्या दिवशी मी कामशेतच्या बाजारात ओढणी गळ्यात टाकून हिंडले आणि चवळीच्या शेंगा घेतल्या.

तर मंडळी, नव्याच्या दिवसांत तिकोणा पेठेला जरूर जा. रस्ता सांगितला, मुक्काम सांगितला, भात कसा असतो तेही सांगितलं. चव कशानं गेली आणि परत येणार का, हे तुमच्या ओठांवर आलं असेल. तुम्ही माझ्या या सदराचे इतक्या वर्षांचे, मायेचे वाचक. तरीही नाही सांगणार.