नलूताईंनी पाठवलेली ओरिजिनल फाइल

नलूताई आधी मासे घ्यायच्या आणि मग फोटो मागायच्या. मिरकरवाड्याच्या जेटीवर रविवारी सकाळी कॅमेरे गळ्यात अडकवून फिरणारे आम्ही दहा-बारा जण होतो. आमची रीत अशी की टोपलीवर वाकायचं, खटाखट दहा फ्रेम काढायच्या आणि पुढच्या टोपलीकडे सरकायचं. नलूताई मात्र पिशवी खाली ठेवून उकिडव्या बसणार, बांगड्याचे कल्ले उघडून बघणार, भावावरून हुज्जत घालणार, सुनेला दिवस गेलेत त्याची चौकशी करणार. एवढं सगळं झाल्यावर विचारणार, "काढू का गो एक?" समोरची नाही म्हणाली की कॅमेरा परत पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. त्या कोथिंबिरीचा मला भयंकर राग यायचा. मी चष्म्याच्या धंद्यातला माणूस. काचेजवळ ओलं काही दिसलं की माझा जीव खालीवर होतो.

त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. कॅमेरा भाच्यानं दिलेला, तळहातावर मावेल एवढा मिररलेस, आणि त्याला एकच लेन्स, पस्तीस एमएमची. झूम वगैरे काही नाही. मी त्यांना कितीदा तरी सांगितलं की ताई, एखादी लांबची लेन्स घ्या, माझी वापरून बघा. त्यावर उत्तर ठरलेलं. "जवळून हवं असेल तर आपण दोन पावलं पुढं जावं. काचेला कशाला राबवायचं?" आठवडाभरात त्या फोटोचा प्रिंट काढून आणत आणि ज्याचा त्याच्या हातात देत. तो दिल्याशिवाय आमच्या ग्रुपवर कधी टाकला नाही. "उसनं आणलेलं तोंड आहे ते सुहास, ज्याचं त्यानं आधी बघायला नको?" असं म्हणायच्या. आम्ही हसायचो. पाठीमागे त्यांना 'पोस्टमन' म्हणायचो, तेही मीच काढलेलं नाव.

आता आमच्या ग्रुपविषयी. फोटोखाली माणसाचं नाव कुणी लिहीत नसे, लेन्सचं मात्र लिहायलाच हवं. नाही लिहिलं तर तीन जण विचारणार. फोटो कशाचा आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. कोपरे किती धारदार आले, मागचं किती मऊ विरघळलं, यावर तासन् तास काथ्याकूट. दोन लेन्सची तुलना करायची असली की आमचा एक नियम होता. साधा पाठवलेला फोटो फोनवर बारीक होऊन येतो, म्हणून ओरिजिनल फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची. नलूताई सोडून सगळे पाठवत.

चंद्राबाईचा फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला तो असाच, बारीक. चंद्राबाई ही जेटीजवळ बसणारी साठीची मासेवाली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, तोंडानं फटकळ. नलूताईंना तिनं तीन वर्षं फोटो काढू दिला नव्हता. मग एकदा कशावरून तरी ती मान मागं टाकून हसली, मिशरीनं काळे झालेले उरलेसुरले दात सगळे दिसले, आणि हसता हसताच म्हणाली, काढ काय तो. पण अट घातली. घरात ठेव नाहीतर तुमच्या त्या दहा-बारा जणांत दाखव, त्यापुढं नाही. नलूताईंनी शब्द दिला. मला हे माहीत होतं. त्यांनीच सांगितलं होतं, फार आनंदानं सांगितलं होतं.

फोटो अप्रतिम होता आणि नेमकं तेच मला सहन झालं नाही. मी नुकतीच एक महागडी लेन्स घेतली होती आणि ग्रुपवर जो तो नलूताईंच्या जुन्या पस्तीसचं कौतुक करायला लागला. मी लिहिलं, बारीक फोटोत काय सगळंच छान दिसतं, ओरिजिनल येऊ दे मग बोलू. फाइल आली नाही. मी फोन केला. म्हटलं, "ताई, आपलेच लोक आहेत. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर लोक म्हणतील, लपवण्यासारखं काहीतरी आहे." संध्याकाळी त्यांनी फाइल पाठवली. मी ती मोठ्या पडद्यावर पाहिली, माझ्या फोटोशेजारी लावून पाहिली, आणि त्यांची लेन्स सरस आहे हे कुणालाही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी हातखंब्याला हायवेवरच्या एका हॉटेलवर दहा फुटांचा फ्लेक्स लागला. त्यावर चंद्राबाई, तशीच मान मागं टाकून हसणारी, आणि खाली 'घरगुती मच्छी थाळी'. आमच्या ग्रुपमधला राजाभाऊ फ्लेक्स छापतो. हॉटेलवाल्याला कोकणी चेहरा हवा होता, याच्याकडे आयती फाइल होती. विचारलं का रे कुणाला, तर म्हणाला, त्यात विचारायचं काय, कोपऱ्यात ताईंचं नाव टाकलंय की. बरं, त्याचं सोडा. आमच्यातले चार जण गाडी करून हातखंब्याला गेले, फ्लेक्सखाली उभं राहून त्याचे फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. कशासाठी, तर दहा फुटांवरसुद्धा पिक्सेल फुटलेला नाही म्हणून. खाली टाळ्यांची रांग. शिकले-सवरलेले लोक, घरी आया-बहिणी असलेले. त्या टाळ्यांत एक माझीही होती. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

इकडे जेटीवर खलाशी चंद्राबाईला येता-जाता विचारायला लागले होते, "थाळी कितीला गो म्हातारे?" तिनं दोन दिवस टोपली लावली नाही.

नलूताईंनी मला फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, गाडी काढ. मी गाडीतून उतरलो नाही, गिऱ्हाईक ओळखीचं निघायचं अशी धास्ती. काचेतून बघत होतो. हॉटेलवाला हसत हसत काही समजावत होता. नंतर कळलं, तो म्हणत होता की म्हातारीची फुकटात जाहिरात झाली. नलूताईंनी एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि फ्लेक्सखाली, ऐन दाराशी मांडून बसल्या. मी काच खाली केली. जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला वर बोट करून सांगायला लागल्या, "ह्या बाईला न विचारता लावलंय हे. ती इथं रांधत नाही, मासे विकते." वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसं, त्याच आवाजात, प्रत्येकाला. दोन कुटुंबं दारातून परत फिरली. दीडेक तासानं माणूस शिडी घेऊन आला.

फ्लेक्सची गुंडाळी मागच्या सीटवर टाकून आम्ही परतलो. मला वाटत होतं, आता मला झाडतील. "मेल्या, तुझ्यामुळं झालं" एवढं म्हणाल्या असत्या तरी मी सुटलो असतो. पण जेटीच्या वळणावर त्या उतरल्या आणि गुंडाळी काखेत मारून एकट्याच चंद्राबाईच्या घराकडे चालू लागल्या. मी येऊ का, असं मी विचारलंसुद्धा नाही.

त्याच रात्री त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या. पुन्हा त्यांच्या हातात कॅमेरा पाहिला नाही. मला राग आला होता, खरं सांगतो. म्हटलं, एवढं काय ते, फ्लेक्स उतरला ना? दुकानात त्या चष्म्याची काडी घट्ट करायला यायच्या, हवापाण्याचं बोलायच्या, जायच्या. दोन वर्षं असंच. मी विषय काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. गेल्या आषाढात त्या गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत.

दिवस झाल्यावर मी चंद्राबाईकडे गेलो. कॅमेरा घरी ठेवून. ती मला ओळखत नव्हती. नलूताईंचा ओळखीचा म्हटल्यावर कापत असलेली सुरमई तिनं बाजूला सारली.

"बाई तरी रोज यायची," ती म्हणाली. "दोन वर्षं. मी तिच्याशी बोलायची नाय. मासे पिशवीत टाकायची, तोंड वर नाय करायची. तिनं माज्या दारात येऊन सांगितलं होतं, चूक माजीच, फोटो मीच दिला, दुसऱ्या कुणाचा दोष नाय. मी म्हटलं, मग तुजं तोंड नको दाखवू मला."

मी तिला सगळं सांगितलं. मीच फाइल मागितली, फोन करून मागितली, त्या देत नव्हत्या तरी मागितली, माझी लेन्स मोठी ठरावी म्हणून मागितली. लेन्स म्हणजे काय ते तिला कळलं नसावं. बाकीचं कळलं.

चंद्राबाईनं कोयता पुन्हा हातात घेतला.

"बाई जिती असताना का नाय आलास?" तिनं विचारलं.