भाऊरावांचा डबा

माझ्या नाकावर राग असतो हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

भाऊराव आमच्या प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळायचे. गढा वस्तीतून सायकलनं सकाळी साडेसहाला यायचे, पिंजरे धुवायचे, दाणापाणी करायचे, वजनं लिहायचे. वडील वर्ध्याकडून इथल्या फॅक्टरीत नोकरीला आले ते जबलपूरचेच झाले. वय सत्तावन्न, त्यातली बावीस वर्षं मधुमेहाची. त्यांच्या घरी एक नियम होता, उपाशी पोटी कुणी उंबरा ओलांडायचा नाही. दारावर आलेला भिकारी असो की जावई, त्यांच्या पत्नी इंदिराकाकू आधी हातावर काहीतरी ठेवणार.

मी पीएच.डी. करत होते. मधुमेहात हृदय का थकतं, हा विषय. एकदा त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं, "काका, हृदयाच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक कण असतात. ते अन्नातून शक्ती काढतात. मधुमेहात रक्तात साखर भरपूर असते, पण हे कणच बिघडतात."

"अच्छा! म्हंजे लाकडं ढीगभर, अन् चूलच पेटून नाही राहिली," भाऊराव म्हणाले.

हे वाक्य मी पुढे एका सेमिनारमध्ये वापरलं. टाळ्या मला पडल्या. त्यांचं नाव घ्यायचं सुचलंसुद्धा नाही.

कामाची पद्धत अशी, की उंदीर बारा तास उपाशी ठेवायचा, सकाळी आठला त्याला मारून हृदय काढायचं, लगेच बर्फात घालायचं आणि त्यातले ते कण वेगळे करायचे. पोटात अन्न गेलेलं असेल तर ते वेगळंच इंधन जाळतात आणि सगळी मापं चुकतात. अकरा महिने माझी मापं चुकत होती. सर म्हणाले, "प्रतिमा, तुझा हात कच्चा आहे." मी घरी येऊन भांडी आपटत होते.

मग एका सकाळी कात्री जरा खाली घसरली आणि उंदराच्या पोटातून हळदीनं पिवळा झालेला लगदा बाहेर आला. पोळी होती ती. भाजीत बुडवलेली.

मी भाऊरावांना आत बोलावलं. त्यांनी एका शब्दानं लपवलं नाही.

"उपाशी जीवाले कसं मारू देऊ, दीदी? जाताना एक घास देतो मी. सगळ्यांनाच देतो."

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मी त्यांना अडाणी म्हणाले, अकरा महिने बुडवले म्हणाले. लोकांच्या पापपुण्याच्या हिशोबात माझं आयुष्य जाणार का, असंही म्हणाले. मार्चमध्ये माझी मुदत संपत होती आणि सगळं पहिल्यापासून करायचं होतं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. वडिलांच्या वयाच्या माणसाला असं बोलायला नको होतं.

नव्या फेरीपासून मापं जुळायला लागली. भाऊराव आता दाराबाहेर स्टुलावर बसायचे, डबा स्टुलाखाली. तो दुपारपर्यंत उघडायचा नाही.

"काका, तुम्ही का नाही खात?"

"ते उपाशी हायेत नं. घरूनबी तसाच निघून राहिलो मी. हिले सांगतो, तिकडे खाईन."

"सकाळची गोळी तरी घेता ना?"

"ते घेतो नं रोज."

रिकाम्या पोटी साखर उतरवायची गोळी. हे मला कळायला हवं होतं, मला नाही तर कुणाला? पण मनात आलं, बरं झालं, माणसाला चूक उमगली. आणि मी आत गेले.

जानेवारीतला मंगळवार होता. मी स्वेटरवर शाल घेतलेली, आणि भाऊराव दारात उभे, सदरा घामानं भिजलेला.

"दीदी, लई थकल्यासारखं वाटून राहिलं."

माझ्या हातात नुकतंच काढलेलं हृदय होतं. ते बर्फात पडायला एक मिनिट उशीर झाला तर सकाळ वाया.

"दोन मिनिटं बसा काका, आलेच."

मला चाळीस मिनिटं लागली. बाहेर आले तेव्हा ते भिंतीला टेकून कलंडले होते. इस्पितळात पोचेपर्यंत ते गेले होते. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. जुन्या मधुमेहात बऱ्याचदा छातीत कळ येत नाही, नुसता घाम आणि थकवा येतो. हे माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या पानावर मीच लिहिलं होतं. उपासामुळे झालं असं कुणी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

दुपारी परत आले तर डबा तसाच स्टुलाखाली. दोन पोळ्या, मेथीची भाजी. आत त्या दिवसाचे पाच उंदीर अजून उपाशी होते. मी पोळ्या मोडल्या, भाजीत बुडवल्या आणि एकेका पिंजऱ्यात घातल्या. मग डबा घासला.

नर्मदेवर तिलवाऱ्याच्या घाटावर त्यांच्या अस्थी सोडल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गढ्याला गेले. इंदिराकाकूंनी झाकण काढून आत पाहिलं.

"त्या दिवशी खाल्लं होतं नं त्यांनी?"

"हो काकू. सगळं."

"मंग ठीक," त्या म्हणाल्या. "उपाशी नाही गेले."