पंचवीस नंबरचा गरजू

माझ्या वडिलांनी मला एकदा लेखी गरीब घोषित केलं होतं. हे मला मागच्या महिन्यात कळलं. भर सभेत, माझ्या मुलीसमोर!

दिल्लीतलं आमचं मंडळ दर उन्हाळ्यात गरजू मुलांना मानेसरपलीकडच्या टेकड्यांत मोफत निसर्ग शिबिराला नेतं. ही प्रथा बाबांची (केंद्र सरकारी कारकून, रजिस्टरात रकाना रिकामा दिसला की घास घशाखाली उतरत नसे). यंदा सभासदांच्या मुलांनाही बोलावलं होतं, पण आमची दहा वर्षांची इरा एकटं राहायला घाबरत होती.

"अगं, तुझ्याएवढा असताना मी गेलोय. बिल्कुल घाबरलो नाही!" असं तिला आठवडाभर ऐकवून मी शिबिराच्या इतिहासावर भाषणाला उभा राहिलो.

"पहिल्या शिबिरात मी बाबांचा उजवा हात होतो," मी म्हणालो. तेवढ्यात सुनीताताई उठल्या. पहिल्या शिबिराला त्या हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या गरीब वस्तीतून आल्या होत्या. आज शिबिर त्याच चालवतात. हातात जुनं रजिस्टर!

"मिलिंद, मंजुरी पंचवीस मुलांची होती. एकाला ताप आला, म्हणून काकांनी, तुझ्या बाबांनी, त्याच्या जागी तुला घातलं. वाचू?"

"राहू द्या ना, ताई."

"वाचा!" इरा ओरडली.

"नंबर पंचवीस, मिलिंद. गरजू. पालकांविषयी शेरा: वडील अत्यंत सज्जन व कष्टाळू." (हे बाबांच्या स्वतःच्या अक्षरात!) "मुलाविषयी शेरा: सरडा पाहून रडला. मोर पाहून रडला. आईसाठी तिन्ही दिवस रडला."

सभागृह हसून लोळलं. मला मात्र आठवलं, ते तीन दिवस माझा हात धरून मला फिरवणारी, आपल्या वाटणीचा लाडू मला देणारी मुलगी सुनीताच होती. भाषणात तिचं नावही नव्हतं. खरंच लाज वाटली.

"बाबा, तू तर बोलला होतास की घाबरला नव्हतास!"

"खोटं बोललो गं."

इराने जरा विचार केला. "अच्छा, मग मी जाते. यार, मोराला तर मी नाही घाबरणार!"

शनिवारी कोपर्निकस मार्गावरून बस सुटली. ती वळणाआड जायच्या आत मी ताईंना तीन फोन केले. चौथा त्यांनी उचललाच नाही. थोड्या वेळाने यंदाच्या रजिस्टराच्या पानाचा फोटो आला.

"नंबर पंचवीस, इरा. मुलीविषयी शेरा: मजेत. पालकांविषयी शेरा: वडील गरजू."