माळावरची गोल घरं

पळसदेवच्या वरच्या अंगाला एक माळ आहे. तिथं आम्ही दोघं एक अख्खा हिवाळा दगड मोजून नकाशे काढत होतो. मी बारामतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. दुसरे माझे सर. हा विषय मला त्यांनीच शिकवला आणि निवृत्तीनंतर पायी हिंडून हा माळही त्यांनीच शोधला. वरवर बघणाऱ्याला तिथं कुसळी गवत, थोडी हिवराची झाडं आणि काळे धोंडे एवढंच दिसे. पण सकाळच्या तिरप्या उन्हात धोंड्यांची गोल कडी उमटायची. लोखंड ठाऊक नसलेल्या माणसांच्या गोल घरांचे ते पाये होते. कूड आणि छप्पर केव्हाच मातीत गेलेलं.

सर प्रत्येक कड्यात दारासाठी सोडलेल्या जागेतूनच शिरत. मी एकदा धोंड्यांवरून पाय टाकला, तर म्हणाले, "भिंतीवरून कुणाच्या घरात जातात का गं?" एका घरात चुलीची राख होती आणि शेजारी मधोमध झिजलेला पाटा. मी तो उचलायला वाकले तेव्हा त्यांनी थांबवलं. "जागेवर आहे तोवर तो बोलतो. उचललास की नुसता दगड."

जमीन ज्यांची होती त्यांना सगळे आबा म्हणत. साठी ओलांडलेला, सावकाश बोलणारा माणूस. आम्ही मोजत असताना ते तंबाखू मळत बसायचे. हरकत त्यांनी कधीच घेतली नाही.

परीक्षांमुळे माझं जाणं काही आठवडे राहिलं. सरही माझ्यासाठी थांबले. पुन्हा गेलो तेव्हा माळ नव्हता. पोकलेननं सगळं सपाट केलं होतं. लाल मुरूम उघडा पडलेला, धोंडे बांधावर ढिगानं रचलेले, कडेनं पाइपलाइनचा चर. सर पुढं चालत गेले आणि मधेच थांबले. कुठून आत जायचं तेच त्यांना कळेना.

आबा बांधावरून खाली आले.

"पाणी आलंय वर. थोरल्यानं मशीन लावलं. डाळिंब लावायचंय."

"आबा, निदान निरोप तरी द्यायचा," मी म्हणाले.

ते रागावले नाहीत. तंबाखू मळत म्हणाले, "आमचं गाव धरणात गेलं तवा मी शाळंत हुतो. आईनं चूल सारवली, मग आमी निघालो. त्या घराचं माप घ्याया कुणी आलं न्हाय, बाई. आता त्येच पाणी हितवर आणलंय. त्ये बी नगं का?"

सरांनी एवढंच विचारलं, "पाटा कुठं आहे?"

पाटा आबांच्या घरामागं होता. त्यांची सून त्यावर कपडे धूत होती. "ढिगातनं आणला," ती म्हणाली. "गुळगुळीत हाय, कापड फाटत न्हाय." सर तिथंच उकिडवे बसले. साबणाचं पाणी त्यांच्या चपलांखालून वाहत होतं. मी हाताला धरून त्यांना उठवलं.

इंदापूरच्या कचेरीत मी तक्रार घेऊन गेले. कारकुनानं सातबारा पाहिला आणि सौम्यपणे म्हणाला, "पोटखराब, म्हणजे पडीक जमीन आहे, मॅडम. तिथं काही नव्हतंच." निम्म्या घरांचे नकाशे आमच्याकडे आहेत. उरलेली घरं कुठं होती हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

त्यानंतर सर कुठल्याच माळावर आले नाहीत. फोनवर गुडघे दुखतात म्हणायचे. मोरगावकडं अशीच कडी दिसल्याचं सांगायला मी त्यांच्या घरी गेले.

"मी शोधलं नसतं, तर गेलं ते कळलंही नसतं," ते म्हणाले. "तू जा. मला सांगू नकोस."

मी गेले. एकटीनं एक कडं मोजून कसंबसं कागदावर आखलं. ऊन चढलं, वारा सुटला, दुसऱ्या कड्यापाशी मी नुसती उभी राहिले. हे कुणासाठी मोजायचं, ते मला सांगता येईना. मग खाली उतरले आणि एसटीची वाट बघत बसले. पुन्हा तिकडं गेलेली नाही.