सात बासष्ट आणि पाच छप्पन

छापून आलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. न छापलेली मात्र डोक्यात साठत राहते, आणि माझ्या डोक्यात अकोल्याच्या बाळापूर नाक्यावरच्या चहाटपरीचं गोदाम झालंय. आयुष्यभर बातमीदारी केली, मोर्चे पाहिले, लाठीही खाल्ली. पण या टपरीवर रोज सकाळी जी लढाई जुंपते, तिच्यासारखी चर्चा मी कोणत्याही सभागृहात ऐकलेली नाही.

लढणारे दोघंच. सुभेदार वानखडे पायदळातून निवृत्त झाले, पण त्यांच्या मिशा अजून ड्युटीवर आहेत. हवालदार शेषराव इंगळे तेल्हाऱ्याचे, वयानं बरेच लहान, तेही निवृत्तच. वाद एवढाच की, सैन्याच्या रायफलीची गोळी केवढी असावी? सुभेदारांनी सांभाळली ती ७.६२ मिलिमीटरची, जाड आणि जड. शेषरावांच्या हाती आली ती ५.५६ची, बारीक आणि हलकी. टपरीवर या दोघांना नावानं कोणी ओळखतच नाही. एक सात बासष्ट, दुसरा पाच छप्पन.

*

टपरीवर मी नवा होतो तेव्हा विचारलं, "एवढ्याशा फरकानं असं काय होतं?"

सुभेदार म्हणाले, "भाऊ, माही गोळी लागली की माणूस उठत नाही. विषय संपला."

"संपला कुठी?" शेषराव म्हणाले. "माह्या गोळीनं माणूस जखमी होते. त्याले उचलाले दोन येतात. एका गोळीत तीन कामातून गेले. अन् वजन कमी, म्हणून खिशात गोळ्याही जास्त."

सुभेदारांनी बशीतला चहा संपवला. "अन् उचलाले कोणी आलंच नाही तं?"

"येतात, साहेब. आपला माणूस पडला म्हटल्यावर येतातच."

*

या वादावर मी एक चांगला लेख लिहून मुंबईला पाठवला. तिथल्या डेस्कवरच्या विद्वानानं ५.५६ मिलिमीटरचं ५.५६ मीटर केलं आणि छापलं. मी फोनवर भांडलो तर म्हणतो, "अहो, एक 'मिलि'च तर राहिलं, एवढं काय?" रायफलीच्या नळीत अख्खं घर मावेल, आणि म्हणे एवढं काय! अशा लोकांच्या हाती आमच्या बातम्या असतात.

सुभेदारांनी तो लेख टपरीवर मोठ्यानं वाचला. "शेषराव, तुही रायफल तं लय मोठी निघाली बाप्पा. यातून तेल्हाऱ्याची एसटी जाते."

"जाऊ द्या," शेषराव म्हणाले. "निदान टायमावर तं पोहोचन."

*

एकदा वजनाचा निकाल लावायला दोघं भाजीबाजारात गेले. मला पंच म्हणून नेलं. सुभेदारांनी एक मोठं कोहळं घेतलं. शेषरावांनी काट्यावर त्याच्याच वजनाची लिंबं घेतली.

"तुमाले एकदाच फेकता येईन," शेषराव म्हणाले. "मी दिवसभर फेकीन."

"माह्यावाल्या एकातच काम होते. तू बस मंग दिवसभर लिंबं फेकत."

भाजीवाली म्हणाली, "फेकाचं असन तं सडकं देते ना, बाबू. चांगलं काहून नेता?"

निकाल लागला नाही. सुभेदारांच्या घरी वहिनींनी पिशवीत डोकावून पाहिलं. "म्या मेथी सांगतली होती. आता हे युद्ध शिजवू काय?"

*

अमरावतीच्या एका कॉलेजात पुण्याहून संरक्षणतज्ज्ञ येणार होते. विषय हाच. हे दोघं पदकं लावून पहिल्या रांगेत. तज्ज्ञांनी पडद्यावर आलेख दाखवले आणि शेवटी म्हणाले, "दोन्ही बाजू आता कालबाह्य आहेत. उपाय मधला, सहा पूर्णांक आठ."

सुभेदार उभे राहिले. त्यांच्या पाठोपाठ शेषरावही. इतकी वर्षं भांडणारी माणसं मी पहिल्यांदाच एका बाजूला पाहिली.

सुभेदार म्हणाले, "सर, आमी दोघं मजेत भांडून राहिलो. तुमी तिसरी काहून आणता?"

*

शेषरावांच्या भाचीसाठी मुलगा पाहिला, नांदगाव पेठच्या सूतगिरणीतला. सुभेदारांना मुद्दाम सोबत नेलं होतं. त्यांनी मुलाला कामाचं विचारलं.

तो बिचारा म्हणाला, "आमच्याकडे सुताचा नंबर पाहावा लागते, काका. नंबर मोठा, तितकं सूत बारीक."

सुभेदारांनी शेषरावांना बाहेर बोलावलं. "पोरगा चांगला आहे. पण तो तुह्याच बाजूचा निघन."

लग्नात अक्षता टाकायला मात्र सगळ्यात पुढे तेच होते.

*

मग एक दिवस बातमी आली. सैन्याची नवी रायफल पुन्हा ७.६२ची. सुभेदार पेढे घेऊनच टपरीवर आले.

शेषरावांनी पेढा हातात धरून सांगितलं, "साहेब, याचं काडतूस आखूड आहे. हे तुमचं सात बासष्ट नोहे."

"आकडा माहाच आहे ना? आता तरी मान. तुमची रायफल म्हणजे पोरायचं खेळणं होतं."

ते खेळणं घेऊन शेषरावांनी बर्फात हिवाळे काढले होते, हे सुभेदारांइतकं कोणालाच माहीत नव्हतं. शेषरावांनी पेढा परत डब्यात ठेवला आणि निघाले.

दुसऱ्या दिवसापासून ते रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसू लागले. आमच्याकडे पाठ करून. मी सुभेदारांशी भांडलो. "एक शब्द मागे घ्यायला काय जातं तुमचं?"

"सुभेदार हवालदाराच्या मांगं जात नाही," ते म्हणाले. पण चहा रोज अर्धाच पीत, आणि शेषराव आले की नाही ते पाहिल्याशिवाय पेपर उघडत नसत.

*

एका सकाळी ते ग्लास ठेवून उठले. "इथला चहा बिघडला," असं पुटपुटले आणि रस्ता ओलांडू लागले. दुभाजकावरून उतरताना पाय मुरगळला आणि सुभेदार आडवे झाले.

मी उठेपर्यंत पलीकडचा ग्लास फुटल्याचा आवाज आला. शेषराव माझ्या आधी तिथं पोहोचले होते. सुभेदारांना पाय टेकवत नव्हता. रस्ता खोदलेला, ऑटो कोपऱ्यावरच थांबलेला. शेषरावांनी माझी मनगटं धरून हातांची खुर्ची केली, सुभेदारांना तिच्यावर घेतलं आणि म्हणाले, "उठाओ."

आम्ही चाललो. सुभेदारांचा चेहरा पांढरा पडला होता. दोन्ही हात आमच्या खांद्यांवर. अर्ध्या वाटेत ते म्हणाले, "शेषराव."

"बोला."

"एक पडला, अन् दोन गुंतले."

शेषरावांना धाप लागली होती. त्यांनी मान वळवली नाही.

"उगे राहा, साहेब. तुमी पाच छप्पन असते तं म्या एकट्यानंच नेलं असतं."